दोनशे त्र्याण्णव

रविवार, ९ फेब्रुवारी

प्रिय शेंडेफळास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. खरं म्हणजे मी पार थकले आहे रे. अण्णांना आता आधार देऊन खुर्चीत बसवता येतं. झटक्यानंतर उजवा हात लुळाच आहे. वाचा गेली ती गेलीच, तोंडातून फक्त आकडे येतात. जन्मभर गणित शिकवलेला माणूस, दुसरं काय येणार म्हणा!

त्यातही हल्ली एकच धोशा : दोनशे त्र्याण्णव. घास भरवताना तेच, अंग पुसतानाही तेच. मला आधी वाटलं दवाखान्यातल्या खोलीचा नंबर असेल. मग गोळ्यांच्या पाकिटांवर शोधलं. नर्सबाई म्हणाल्या, "अहो, आकड्यांचं एखादं कुलूप असेल, बघा." मी खुळी घरभर कुलूप शोधत फिरले. आपल्या घरात कुलूप लावण्यासारखं आहे काय?

काल ते फारच चिडले, म्हणून मी त्यांच्या डाव्या हातात खडू दिला. त्यांनी पाटीवर वाकडंतिकडं लिहिलं : १०००००९. मग माझी ट्यूब पेटली.

दहा लाख नऊ! ही मूळ संख्या, हिला कशानेही भाग जात नाही, असं अण्णा छातीठोकपणे सांगायचे. आणि तू भर पाहुण्यांत म्हणालास, "जातो, अण्णा. दोनशे त्र्याण्णव गुणिले तीन हजार चारशे तेरा." गुणाकार करून बघायचं सोडून ते "दीडशहाणा" म्हणून तुझ्यावर ओरडले. तुलाही गप्प बसवेना. हजार आणि तीन यांच्या वर्गांची बेरीज तीच, दोनशे पस्तीस आणि नऊशे बहात्तर यांच्या वर्गांचीही तीच. मूळ संख्या अशी दोन तऱ्हांनी मांडता येत नाही, हे तू त्यांनाच शिकवायला लागलास. गणित राहिलं बाजूला आणि तुम्ही एकमेकांचा उद्धार केलात. दोघेही एकाच माळेचे मणी.

मी विचारलं, "अण्णा, त्याचं बरोबर होतं?" त्यांनी त्या आकड्याखाली २९३ लिहिलं आणि शेजारी बरोबरची खूण केली. वहीत करायचे तशीच, शेपटी लांब ओढून. मग रडले.

मला आनंद व्हायला हवा होता, पण रागच आला. त्यांचं सगळं मी करते आणि ते दिवसभर हाका मारतात तुला! नंतर माझीच मला लाज वाटली.

डॉक्टर म्हणतात, दुसरा झटका आला तर निभावणं कठीण. हे पहिल्याच ओळीत लिहायचं होतं, हात धजेना.

तू ये. त्यांच्यासाठी ये, असं लिहिणार होते, पण तेवढंच खरं नाही. या घरात मला कुणी 'ताई' म्हणून हाक मारलेली ऐकून फार दिवस झाले.

तुझीच,
ताई