अठ्ठेचाळीस तासांत सगळीकडे

६ ऑक्टोबर २०२५, सोमवार

आले एकदाची अलोऱ्याला, आणि जागा बघून जीव भांड्यात पडला. संस्थेने दिलेलं क्वार्टर बैठं आहे. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे शेवगा. नळाला पाणी चक्क दोन वेळा. शेजारच्या गोदाकाकी तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी घेऊन आल्या आणि जाताना माझा सगळा इतिहास काढून घेऊन गेल्या. मीही सांगून टाकला. नाव रसिका, घटस्फोट झालाय, मुलगी सानवी नऊ वर्षांची, डोंबिवलीला बापाकडे, विनीतकडे असते. आईला नोकरी आणि राहती जागा असेल तर दिवाळीची सुट्टी आईकडे, असं कोर्टाने म्हटलंय. अठरा तारखेला विनीत स्वतः तिला आणून सोडणार. घर बघणार, माणसं बघणार, खुसपट सापडलं की परत घेऊन जाणार. सापडू देत नाही मी.

८ ऑक्टोबर, बुधवार

संस्था आंबा-काजूची कलमं विकते, बुकिंग वेबसाइटवरून. ती सांभाळायला मला घेतलंय, आणि ती महिनाभर बंद आहे. जुन्या सर्व्हरवाल्यांनी गाशा गुंडाळला. नवा सर्व्हर तयार आहे, नेमसर्व्हर तेवढा बदलायचाय. सचिव राजेंद्र शिगवणांना समजावून सांगितलं की नेमसर्व्हर म्हणजे नाक्यावर बसलेला माणूस. अमक्याचं घर कुठे विचारलं की हात करून दाखवतो. आपला माणूस अजून पडक्या घराकडे हात करतोय. ज्या कंपनीकडे वेबसाइटचं नाव नोंदवलंय, त्या रजिस्ट्रारच्या पानावर दोन ओळी बदलल्या की झालं. पाच मिनिटांचं काम, असं मी म्हणाले. माझ्या जिभेला हाड नाही.

नाव नोंदवलंय प्रभावती घाग यांच्या स्वतःच्या नावावर. त्यांनी माझंच काम अकरा वर्षं केलं, राहायच्याही याच क्वार्टरमध्ये. परवाच्या साली पावसाळ्यात तापाने गेल्या. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. शिगवण म्हणाले, विचारलं नव्हतंत.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

तीन दिवस त्या पानाशी डोकं आपटतेय. पासवर्ड कपाटातल्या वहीत सापडला. आत गेले, दोन ओळी टाकल्या, तर म्हणे नावाला कुलूप आहे. कुलूप काढायला गेले, तर ओटीपी प्रभावतीबाईंच्या मोबाइलवर. नंबर बदलायला गेले, तर त्यालाही ओटीपी त्याच मोबाइलवर. मदतीच्या चॅटवर चाळीस मिनिटं थांबले. कुणीतरी आलं, मालकाशीच बोलू म्हणालं, गेलं. मालक वारल्यात असं लिहिलं, तर वारसांची कागदपत्रं आणा, किमान तीन आठवडे. वारस नवरा, तो मुंबईत कुठे असतो कुणाला ठाऊक नाही. भीक नको पण कुत्रा आवर.

१३ ऑक्टोबर, सोमवार

शिगवणांनी सगळ्यांसमोर झापलं. आधीच्या बाईंना दहावीच्या पुढे शिक्षण नव्हतं, पण साइट एक दिवस बंद पडली नाही, म्हणे. दिवाळीपर्यंत सुरू नाही झाली तर दुसरं माणूस बघू, आणि क्वार्टर माणसाला नाही, कामाला दिलंय. वर हसले. म्हणजे अठराला विनीत येईल तेव्हा मी सामान बांधत असेन. मला त्यांचं तोंड फोडावंसं वाटलं. खरंच वाटलं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आज पुन्हा चॅट. समोरच्याने विचारलं, आपण मालक आहात का. मी लिहिलं, हो. मीच प्रभावती घाग. मोबाइल हरवलाय.

असं करतातच लोक. बिलं सासऱ्याच्या नावावर, गॅस मेलेल्या आजोबांच्या नावावर, फोनवर सगळे बिनदिक्कत हो मीच म्हणतात. समोरचा एकदम गोड झाला. गुरुवारी व्हिडिओवर तोंड आणि ओळखपत्र दाखवा, म्हणाला.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

ओळखपत्राची प्रत कपाटात होतीच. बाईंसारखा मधोमध भांग पाडला, साडी नेसले, कॅमेऱ्याचा उजेड कमी केला. पलीकडे माणूस नव्हताच, नुसतं यंत्र. डावीकडे बघा. उजवीकडे बघा. नाव बोला. मी बोलले. चेहरा जुळला, असं आलं. मला हसू फुटलं, पंधरा वर्षांचं आणि वीस किलोंचं अंतर आहे आमच्यात.

अकरा चाळीसला मंजुरी आली. बदल सगळीकडे पोहोचायला अठ्ठेचाळीस तास लागतील. तोपर्यंत काहींना जुनं दिसेल, काहींना नवं. हे नेहमीचंच, जगभर तसंच होतं.

संध्याकाळी गोदाकाकी पडवीत सुपारी कातरत होत्या. मी हाक मारली. त्यांनी वर बघितलं आणि अडकित्ता हातातून पडला. म्हणाल्या, "बाय, तू गेलीस ना गं. आता परत कशाला आलीस?" आणि दार लावून घेतलं. साडीमुळे असेल. साडी बदलून पुन्हा गेले. दार उघडलं नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. सकाळ

फोन माझा चेहरा ओळखत नाही. आकडे टाकले, तेही चुकीचे म्हणतो. सानवीच्या जन्मतारखेचे आकडे आहेत, चुकतील कसे.

स्टँडवरच्या रिक्षावाल्याने विचारलं, प्रभावतीबाय, बऱ्याच दिवसांनी? त्याच्या शेजारचा मला रसिका मॅडम म्हणाला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग माझ्याकडे.

दुपार

ऑफिसात माझ्या टेबलावर कुणीतरी बसलंय. माझी पर्स, माझा डबा. खिडकीतून पाठ दिसली. शिगवण तिच्याशी हसून बोलत होते, साइट सुरू झाली म्हणून पेढा देत होते. मला बघितलं आणि शिपायाला म्हणाले, त्या बाईला फाटकाबाहेर काढ.

तिने मान वळवली. तोंड माझं होतं. फक्त —

संध्याकाळ

स्टँडवरच्या दुकानातून सानवीला फोन लावला. सानू, आई बोलतेय. ती म्हणाली, आई तर आत्ता व्हिडिओवर होती, तुम्ही कोण? मग विनीत आला. शिव्या दिल्या. परत फोन केलास तर पोलिसात देईन, म्हणाला. मला. मला नाही, त्या —

त्याच दुकानातल्या कॉम्प्युटरवरून रजिस्ट्रारला लिहिलं. मी खोटं बोलले, मी प्रभावती नाही, बदल मागे घ्या. उत्तर आलं, ही विनंती फक्त मालक करू शकतो. आपण मालक आहात का?

नाही म्हटलं तर ऐकत नाहीत. हो म्हटलं तर —

१८ ऑक्टोबर, शनिवार. साडेदहा

काल रात्रीपासून क्वार्टरची किल्ली लागत नाही. समोरच्या बंद क्वार्टरच्या पायरीवर बसलेय. ही वही तेवढी हातात.

सानू आली. नवा फ्रॉक. उंच झालीय. विनीतने घर बघितलं, चहा घेतला, निघाला. जाताना हसला. छान ठेवलंयस घर, तिला म्हणाला. मला आठ वर्षांत एकदाही —

आतून तिचा आवाज येतोय. सानूचे केस विंचरतेय. माझ्यापेक्षा हळू विंचरते.

अकरा पंचवीस

गोदाकाकी आत गेल्या. भात शिजल्याचा वास. बाहेर आल्या तेव्हा केळीच्या पानावर भाताची मूद, वर अंडं, काळे तीळ. मेलेलं माणूस दारात घुटमळायला लागलं की असा उतारा ठेवतात. परवासारख्या घाबरलेल्या नाहीत आता. नुसत्या रागावल्यात.

पान सानूच्या हातात दिलं. लहान पोरीच्या हातून ठेवलेलं घेतात म्हणे. ती, माझ्या तोंडाची, दारात उभी, हसतेय, सानूच्या पाठीवर हात. माझ्या मुलीच्या पाठीवर.

सानू येतेय.

अकरा अडतीस

समोर उभी आहे. पान पायरीवर ठेवलं. भीत नाही. माझी मुलगी कुणाला भीत नाही. म्हणाली, काकी सांगतात नाव घेऊन ठेवायचं, म्हणजे परत येत नाहीत. तुमचं नाव काय?

ओरडले. तिला ऐकू येत नाही, नुसते ओठ हललेले दिसतात म्हणते. लिहून दाखवा म्हणते.

लिहिते. सानू, बघ, वाच, मोठ्या अक्षरात लिहिते. घाबरू नको. मी तुझी आई. माझं नाव — माझं — सांगते थांब, जाऊ नको, माझं नाव प्रभाव