सातवी रेघ

४ मार्च

सरांनी मीटिंगमध्ये सांगूनच टाकलं – सापडला! तारे जन्मतात त्या ढगात आमचा रेणू सापडला. साखरेचा लांबचा नातलग. टाळ्या. पण दुर्बिणीच्या आलेखात त्याच्या सात रेघा हव्यात, सहाच आहेत. एक जरी गैरहजर, तर तो रेणू दुसराच कुणीतरी. हे सरांनीच मला पहिल्या वर्षी फळ्यावर शिकवलं. आज म्हणतात, "बुडाली असेल गं आलेखातल्या गोंगाटात." सातवी तर सगळ्यांत ठळक हवी! ती बुडते कशी?

५ मार्च

आईवर उगाच खेकसले. ती एवढंच म्हणाली होती, "ढगात साखर सापडली म्हणे, मग चहात कमी घालू का?" एरवी हसले असते.

९ मार्च

लेख तयार, माझं नाव पहिलं. सरांना म्हटलं, सातवी दिसत नाही असं एक वाक्य तरी घाला. "परीक्षकांच्या हातात कोलीत कशाला द्यायचं?" मग माझं नाव काढा, म्हटलं. वाटलं, समजूत घालतील. माझ्यासमोर काढलं! चार वर्षांचं काम माझं. वर म्हणतात, "जाताना दार लावून घे." लावलं. आपटून.

१० मार्च

तळपायाची आग अजून मस्तकात.

१७ मार्च

दुर्बिणीवरच्या इंजिनिअरला खरमरीत मेल केली होती – सातवी रेघ कुठे गेली? त्याचं उत्तर – "ताई, नेमका तेवढा तुकडा आम्ही पुसतो. आमच्याच यंत्राचा खोटा आवाज तिथे येतो. तुम्हाला ठाऊक असेल असं वाटलं." पुसतात, आणि शेजारच्या आकड्यांनी जागा बुजवतात! म्हणजे रेघ नव्हती असं नाही, तिथे कुणी बघितलंच नव्हतं. सरांनी नाही, मीही नाही. आता कुणावर चिडू? यंत्राची जुळणी जरा सरकव, म्हणजे तो खोटा आवाज बाजूला जाईल, आणि पुन्हा बघ, असं त्याला कळवलं.

२६ मार्च

सरांचा फोन. परीक्षकांनी तेच विचारलंय – सातवी कुठे आहे? नाही दाखवली तर लेख परत. आवाज एकदम मऊ. "तुझ्याकडे काही आहे का गं?" नाही म्हटलं. खरंच नव्हतं. फोन ठेवल्यावर फार बरं वाटलं. भोगा आता.

२८ मार्च

आली. सातवी, ठळक, हवी तिथेच. सरांचा रेणू खरा निघाला, न बघता सांगितलेला. नाव परत मागितलं नाही. आलेख त्यांना पाठवून दिला. रेणूशी माझं भांडण नाही.