चंदनाचा हार ‘लग्न’ विभागात

३ नोव्हें.
आज पुन्हा तेच. लोक हौसेने फोटोचे फिल्टर बनवतात, आमच्या ऑनलाइन लायब्ररीला पाठवतात, आणि विभाग निवडायची वेळ आली की डोळे मिटतात. ‘घाटातलं धुकं’ खाण्यापिण्यात. ‘मिसळीची तर्री’ निसर्गात. मी बिरवाडीत घरच्या खोलीत बसून एकेक उचलायचं, योग्य जागी ठेवायचं. कंटाळा येतो म्हणावं तर खोटं. मला आवडतं हे काम.

दुपारी पुण्याहून लायब्ररीच्या मॅडमचा फोन. नोकरी कायम करतो, डिसेंबरपासून ऑफिसात या. बाबा कंपनीतून आल्या आल्या सांगितलं. बूट काढत म्हणाले, “सुपारी फुटलीय तुझी, लग्न ठरलंय. आता काय ते त्यांना विचारून.”

त्यांना म्हणजे उमरठच्यांना. नितीन, माझा होणारा नवरा, मुंबईत कामाला, महिन्यातून एकदा गावी येणार. मी त्याच्या आईजवळ उमरठला. त्या घरात रेंज नाही, फोन लावायला टाकीपाशी चढून जातात. म्हणजे पुणं गेलंच, हे आत्ताचं कामही गेलं.

५ नोव्हें.
‘लग्न’ विभागात आज एक भारी नग. चेहऱ्याभोवती चंदनाच्या सालींचा हार, खाली समई. पाठवणारा कुठला कोण जाणे, हार दिसला की लग्न, एवढंच त्याला ठाऊक. आमच्याकडे हा हार माणूस गेल्यावर फोटोला चढतो. एकटीच हसले.

‘श्रद्धांजली’त हलवणार तोच आईची हाक. उमरठचे आलेत, पोहे टाक. नोकरीचा विषय मीच काढला. होणाऱ्या सा.बाई म्हणाल्या, “नोकरी कशाला गो? आमच्याकडं काय कमी हाय?” आई-बाबा हसले. मी बशा उचलल्या. हार हलवायचा राहूनच गेला.

८ नोव्हें.
मोठाच घोळ. नितीनच्या बहिणीने, स्वातीने, आमचा सुपारीचा फोटो आमच्याच लायब्ररीतून सजवून स्टेटसला टाकला. ‘लग्न’मधला सगळ्यात देखणा फिल्टर निवडला म्हणे. तोच हार. मी आणि नितीन चंदनाच्या हारात हसतोय, खाली समई तेवतेय. सकाळपासून नातेवाइकांचे फोन. एका काकूने रडतच विचारलं, कसं झालं गं?

आई देवापुढे बसून आहे. उमरठहून निरोप आला, “अपशकुन झाला, जरा थांबा.”

थांबा! वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. दिवसभर हलकं हलकं वाटत होतं, स्वयंपाकात गुणगुणले तर आईने डोळे वटारले. हार अजून ‘लग्न’मध्येच आहे. आज विसरले नव्हते.

९ नोव्हें.
मॅडमना लिहिलं, बहुतेक येते. माळ्यावरून बॅग काढली, धूळ पुसली. संध्याकाळी बघते तर बॅग परत माळ्यावर. आईच्या पदराला माळ्यावरची धूळ लागलेली.

१२ नोव्हें.
उमरठला गुरवाने देवीला पाकळ्या चिकटवून कौल लावला. उजवी पाकळी पडली, म्हणजे देवीचा होकार. वर नितीनच्या आईचं म्हणणं, दृष्ट लागलीय, तर उशीर कशाला, उरकून टाकू. फेब्रु.चं लग्न आता या महिनाअखेरीला. बाबा पेढे घेऊन आले.

“मला कुणी विचारलं?” मी.
“देवीनं सांगितल्यावर तू कोण?” बाबा.
“पेढा घे आधी,” आई.

घेतला. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. खोलीचं दार लावून रडले, मग लॅपटॉप उघडला आणि हार उचलून ‘श्रद्धांजली’त टाकला. आता तिथे राहून तरी काय उपयोग होता त्याचा.

मॅडमना यातलं अजून काहीच कळवलेलं नाही.

१४ नोव्हें.
नितीनचा फोन. आजवर बाबांच्या नंबरवर यायचा, आज माझ्या. कौलासाठी रजा काढून गावी आलेला, अजून तिथेच आहे. मागे वाऱ्याचा आवाज, टाकीपाशी उभा असणार.

म्हणाला, “कौल लावला तेव्हा मी होतो. पहिल्यांदा डावी पडली पाकळी. आई बोलली, परत लाव. परत डावी. मग उजवी पडेस्तोवर लावली, नि तीच धरली.”

मी उठून खोलीचं दार लावलं.

“तुला पायजे हाय का हे लग्न? खरं सांग. मी नाय रागवायचा.”

इतक्या दिवसांत हे विचारणारा हा पहिला माणूस. ज्याला नाही म्हणायचं, तोच. गलबलून आलं. नको म्हटलं. पुण्याचंही सांगितलं.

मग म्हणाला, “बरं. रविवारी आईला घेऊन येतो तुमच्याकडं. सगळ्यांसमोर असंच बोलशील? मी एकटा बोललो तर परत कौल लावतील.”

बोलेन म्हटलं. पण बाबांना मी आजवर साधं सिनेमाला जाऊ का, हेसुद्धा आईमार्फत विचारलंय.

आई हाक मारतेय. लग्नाच्या ब्लाऊजचं माप घ्यायला बाई आल्यात. जाते, माप देते.