ओमदाच्या पोटाचा फोटो

नाबल, ४ मे २००८

ती. शादलियावन्सं यांस मन्नूबियाचा सलाम. वि. वि.

फोनवर तुम्हांला ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही, म्हणून पत्रच बरं. मी ठीक आहे. ओमदा ठीक नाही. तुमच्या भावाचं हे कासव थंडीतली झोप संपवून उठलं तेव्हा चांगलं होतं. पण आता लेट्युसच्या पानालाही तोंड लावत नाही. नारिंगाच्या झाडापाशी जाऊन थांबतं आणि मागच्या पायांनी फरशी खरवडत बसतं. नखांतून रक्त आलं. शेजारची हलीमा म्हणते, घरावरची दृष्ट त्यानं अंगावर घेतली आहे, जाऊ दे त्याला. मी म्हटलं, तुमचे भाऊ जाऊन वर्षही झालं नाही, आणखी कोणाला जाऊ द्यायचं बळ माझ्यात नाही.

शेवटी पावाच्या टोपलीत घालून त्याला प्राण्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर इनास वयानं लहान, पण तिचा हात शांत आहे. एक्स-रे काढताना पळू नये म्हणून तिनं ओमदाला पालथ्या वाडग्यावर ठेवलं. चारी पाय अधांतरी! नाव गावच्या मुखियाचं, रुबाबही तोच, आणि स्वारी हवेत चालते आहे. मला हसू आलं, वन्सं. किती महिन्यांनी आलं.

मग पडद्यावर फोटो उमटला. पोटात चार गोल, पांढऱ्या कडांचे. मला वाटलं, खडे गिळले. डॉक्टर म्हणाली, खाला, तुमचा मुखिया बाईमाणूस आहे आणि ही तिची अंडी अडकली आहेत. मानेतून रक्त घेऊन तपासलं, त्यात कॅल्शियम कमी निघालं. खोदायला माती मिळाली नाही तर कासवीण अंडी धरून ठेवते म्हणे. आधी माती आणि ऊब देऊन बघायचं, मग इंजेक्शन. तेही लागू पडलं नाही तर कवच कापायचं, आणि या वयात ती त्यातून उठेल याची खात्री नाही.

नराशिवायही त्या अंडी घालतात, फक्त त्यांतून काही निघत नाही, हेही तिनं सांगितलं. याआधी कधी घातली होती का, असं विचारलं. मी म्हटलं, माझ्या लग्नापासून एकदाही नाही. तिला ते पटलं नाही. वाचनालयातून कासवांवरचं पुस्तक आणून वाचलं, तेव्हा मलाही पटेना. तुम्ही त्याच्याबरोबर वाढलात. काही आठवतं का?

उत्तराची वाट बघते. माया होती तशीच ठेवा.
मन्नूबिया


बिझर्त, ९ मे २००८

मन्नूबिया, तुला पुष्कळ आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून आधी इतकी हसले की सून धावत आली. आमच्या ओमदाला चार अंडी! मग रडले. हे उत्तर मिळायच्या आधीच तू त्या फरश्या फोडल्या असशील, तर शहाणी आहेस. नसशील, तर पत्र खाली ठेव आणि आधी गवंड्याला बोलाव.

सादोक गेल्यावर चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला माणसं येणार, ती चिखलात बसायची का, असं म्हणून फरश्या मीच बसवायला लावल्या. तू तेव्हा इतकी सुन्न होतीस की हो म्हणालीस. माझ्या मात्र लक्षात यायला हवं होतं. कारण मला माहीत होतं.

एकदा उन्हाळ्यात मी माहेरी आले होते. पहाटे पाहिलं तर सादोक नारिंगाखाली बसून माती उकरतोय. ओंजळीत पांढरी गोल अंडी. मी ओरडणार, तर त्यानं माझ्या तोंडावर हात ठेवला. तुमच्या लग्नाला तेव्हा बरीच वर्षं झाली होती, तरी पाळणा हलला नव्हता, आणि आमच्या आईची जीभ तुला ठाऊक आहे. सादोक म्हणाला, ताई, हे आईला कळलं तर ती मन्नूबियाला म्हणेल, या घरात कासवीणसुद्धा बरी. म्हणून तो दरवर्षी तू उठायच्या आत अंडी काढून न्यायचा. विचारलं कोणी, तर हा नर आहे, आमचा ओमदा आहे, असं ठासून सांगायचा. मला कोणाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली होती. आज ती मोडते. त्याच्या ओमदाच्या जिवापेक्षा शपथ मोठी नाही. आई गेली, आणि तूही आता तेवढी कोवळी राहिली नाहीस.

काय होतं ते लगेच कळव. आमची मुखिया वाचलीच पाहिजे.
शादलिया


नाबल, २३ मे २००८

ती. वन्सं यांस सलाम. वि. वि.

फरश्या फोडल्या. ज्यानं बसवल्या त्यालाच बोलावलं. तो म्हणाला, खाला, इतकं सुंदर काम कोणी फोडतं का? मी म्हटलं, घराच्या मुखियाचा हुकूम आहे.

ओमदा दोन दिवस माती नुसती हुंगत राहिली. तिसऱ्या दिवशी दुपारी मागच्या पायांनी खड्डा केला. मी दारात पाटावर बसून होते, श्वासही बेतानं घेत होते. तीन अंडी पडली. चौथं येईना. पुन्हा टोपली, पुन्हा पालथा वाडगा, पुन्हा फोटो. आत एकच गोल उरला होता. डॉक्टरनं इंजेक्शन दिलं आणि संध्याकाळपर्यंत वाट बघू म्हणाली. नाहीतर कापायचं. मी तिच्या शेजारी बसून राहिले. तुमच्या भावाच्या उशाशी बसले होते तशीच. दिवे लागायच्या सुमारास टोपलीत काहीतरी टक्कन वाजलं. डॉक्टरनं माझ्याआधी टाळी वाजवली. खात्री करायला तिनं आणखी एक फोटो काढला. पोट रिकामं होतं. तो फोटो मी मागून घेतला आहे. आज तिनं लेट्युस खाल्लं, आणि माझ्या चपलेचा पट्टाही.

तुमचं पत्र मी पुष्कळदा वाचलं. अंगणातल्या त्या चिखलावरून मी त्यांना किती बोलले, ते तुम्हांला माहीत आहे. सगळ्या गल्लीची अंगणं लखलखीत आणि आपलंच असं, म्हणून. ते हसायचे, आणि माती राहू द्यायचे. आईंचा एक टोमणा माझ्या कानांवर येऊ नये म्हणून माणूस इतकी वर्षं पहाटे उठत होता, आणि मी समजत होते की नमाजाच्या आधी झाडाला पाणी घालतात.

चौथं अंडं मी घरी आणून बाकीच्या तिन्हींशेजारी पुरलं. त्यांतून काही निघायचं नाही, हे डॉक्टरनं सांगितलं आहे आणि पुस्तकातही लिहिलं आहे. तरी ती तिथेच राहतील. या वर्षी कोणी उकरणार नाही.

उन्हाळ्यात या. अंगणात चिखल आहे, जुन्या चपला घालून या. येईपर्यंत मायेत ठेवा.
मन्नूबिया