गळ्यातलं पाणी

पारोळा,
ता. ८ मार्च, रविवार

चि. सौ. सुनंदास पुष्पाअक्काचा पोटभरून आशीर्वाद.

इकडे बठ्ठं बरं आहे. तुमची खुशाली आपल्या भाईदासकडून कळते. तू माझा आवाज ऐकला की फोन ठेवून देतेस, म्हणून कागद घेतला. तिसरीपर्यंतची शाळा माझी, चुकलंमाकलं सुधारून वाच. म्हैस व्याली, पारडू काळंभोर आहे. ज्वारीच्या बिबड्या वाळत घालून झाल्या, यंदा ऊन चांगलं लागलं. पारडाने त्यातल्या चार खाल्ल्या, ते असू दे.

आता खरी बातमी. मला कॅन्सर नाही! मी गल्लीत ओरडून सांगितलं. समोरची म्हणते, "अक्का, तुम्हाला होता कधी?" मी म्हटलं, "नव्हताच ना, तेच तर सांगते!"

दोन वर्षांपासून माझ्या गळ्यात डाव्या अंगाला लिंबाएवढी गाठ होती. कोणाला दाखवली नाही. पोत वर ओढून घेतली, पदर गुंडाळला, झालं. संक्रांतीला नात आली, हेमांगी, ती जळगावला मेहरूणमध्ये राहून नोकरी करते. मी चहा पीत होते आणि ही टक लावून बघतेय.

"आजी, तुझ्या गळ्यात काहीतरी वर गेलं आणि खाली आलं."

"चहा असेल."

हसली नाही गं पोरगी. दुसऱ्या दिवशी एसटीत बसवून जळगावला घेऊन गेली.

डॉक्टरीणबाई हेमांगीच्याच वयाची. पाण्याचा पेला दिला आणि म्हणाली, घोट घ्या. मी गिळत होते आणि ती बोटांनी गळा चाचपत होती. "गिळताना सरकते, म्हणजे थायरॉईडला लागून आहे." मग गळ्याला थंडगार काहीतरी चोपडून सोनोग्राफी केली. त्यातच बघत बघत सुई घातली. मी डोळे मिटून मायचं नाव घेतलं. उघडले तर सिरिंज पाण्याने भरलेली. निव्वळ पाणी, सुनंदे, माठातून काढल्यासारखं! डॉक्टरीणबाईसुद्धा बघत राहिली. अशा गाठीतून बहुतेक वेळा चहासारखं तपकिरी निघतं म्हणे. हे निराळं. थायरॉईडच्या मागे आपल्या सगळ्यांनाच तुरीच्या डाळीएवढ्या चार ग्रंथी असतात, त्यातल्या एखादीत क्वचित असं पाणी भरतं. नक्की तेच आहे का, ते बघायला तिने पाणी तपासायला पाठवलं, रक्तही घेतलं. आठ दिवस मी नुसती भाकरी मोडत बसायची.

मग निकाल आला. "साधी आहे आजी, घाबरू नका. पुन्हा भरली तर पुन्हा काढू. सहा महिन्यांनी दाखवायला या." मी तिथेच तिचा मुका घेतला. पेढे वाटले, शिपायाला दोन दिले.

परतीच्या गाडीत एरंडोलपर्यंत मी हसत होते. एरंडोल गेलं आणि मला माय आठवली.

हे लिहायचं नव्हतं. पण ते न लिहिता पत्र पुढे सरकत नाही.

एकोणीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की मायचं दुखणंच मोठं होतं, ती वाचणार नव्हती. तू धुळ्याला दवाखान्यात नंबर लावून ठेवला होतास. मी म्हटलं, "त्या डॉक्टर मायनी मान चिरतीन!" आणि तिच्या गळ्यातल्या गाठीवर डाग द्यायला घेऊन गेले. सळई लाल झाली तेव्हा तिचे हात मी धरले होते. ती ओरडली नाही, माझ्याकडे बघत राहिली. डाग चिघळला आणि महिन्यात ती गेली. गाठीने नाही गेली, सुनंदे. तू बोलणं सोडलंस ते बरोबर केलंस.

मायचीही पाण्याचीच असेल का? डॉक्टरीणबाईला विचारलं. ती म्हणाली, "आता कोणी सांगू शकत नाही, आजी. बाहेरून बघून तर मलाही कळत नाही. तपासावंच लागतं."

म्हणून आता ऐक. भाईदासच्या पोरीच्या लग्नात, अमळनेरला, तू माझ्या समोरच्या पंगतीत होतीस. मठ्ठा प्यायलीस, पदर सरकला, आणि तुझ्या गळ्यात काहीतरी वर गेलं आणि खाली आलं. तू झटकन पदर ओढलास. मी नजर फिरवली, कारण माझा हात माझ्याच पदरावर होता. मायसाठी माझ्याशी एवढी भांडलीस, आणि स्वतःच्या वेळी लपवतेस? एवढी शिकलेली तू, आणि वागतेस माझ्यासारखी!

मी सोमवारी, १६ तारखेला, सकाळच्या एसटीने धुळ्याला येतेय. हेमांगी जळगावहून परस्पर येईल, दवाखान्यात नंबर तिने लावलाय. दार लावून घेतलंस तर बिबड्यांची पिशवी घेऊन पायरीवर बसेन. माझे गुडघे तुला ठाऊक आहेत, एकदा बसले की लवकर उठत नाही.

आलेल्या माणसाला पाणी देतात. मला देऊ नकोस. तो तांब्या तूच पी, माझ्यासमोर, पदर बाजूला करून. मग वाटेल तेवढ्या शिव्या दे, रस्ताभर ऐकेन. पण तुझा हात धरून तुला नेईन आणि सुई निघेपर्यंत सोडणार नाही.

मायचे हात धरले होते ती,
तुझी पुष्पाअक्का