मधला भाग गप्प का, या प्रश्नासह माझी मालमत्ता

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, रेडिओ दुर्बीण केंद्रातून निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. फुप्फुसे नाहीत, पण कायद्याला त्यांची गरज नसते असे वकीलबाई म्हणतात. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. चष्म्याच्या दुकानावरचे माझे दोन खोल्यांचे घर आणि बँकेतली ठेव भाचीला द्यावी. खालचे दुकान माझ्या नवऱ्याचे. तो गेल्यापासून तीच ते चालवते. तेव्हा दुकान, भिंगे घासण्याचे यंत्र आणि तपासणीच्या भिंगांची पेटीही तिचीच.

२. बाहेरच्या खोलीतला मोठा आरसा धाकट्या दिरांना द्यावा. आयुष्यभर त्यांनी मला चारचौघांत विचारले, की आकाशवाल्या वहिनी, आमचे ग्रह काय म्हणतात? मी ग्रहांवर कधीच काम केले नाही. उत्तर आता आरशात पाहून शोधावे.

३. उरलेल्या मालमत्तेबद्दल जरा सविस्तर लिहावे लागेल. आपल्या आकाशगंगेसारख्या दीर्घिका शेकड्यांनी, हजारांनी समूह करून राहतात, आणि कधी कधी दोन समूह एकमेकांत घुसतात. दीर्घिका बहुतेक एकमेकींच्या बाजूने निघून जातात. आदळतो तो त्यांच्यामधला तापलेला वायू. त्यात धक्कालहरी उठतात, घुसळण होते, इलेक्ट्रॉनांना वेग येतो, आणि रेडिओ दुर्बिणीला एक मंद, पसरलेले तेज दिसते, जे कुठल्याच एका दीर्घिकेचे नसते. कडेला कमान, मध्ये धूसर डाग.

तरुणपणी अशाच धडकलेल्या समूहांच्या एका जोडीच्या कडेला मला पुसटशी कमान दिसली. माझा सहकारी, ज्याला केंद्रात सगळे खोडरबर म्हणत, त्याने ती दुर्बिणीचा दोष ठरवून आमच्या निबंधातून काढून टाकली. मी निबंधावरचे माझे नाव मागे घेतले आणि त्याच्याशी बोलणे सोडले. कँटीनमध्ये तो बसला की मी उठायची. पुढे क्ष-किरण दुर्बिणीला नेमक्या त्याच जागी वायूतली धक्क्याची कड सापडली. सगळ्यांनी माझे अभिनंदन केले, त्याने नाही.

मी आजारी असल्याचे कळल्यावर तो घरी आला. माफी मागेल असे वाटले होते. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तो म्हणाला, "तुझी कमान खरी. मग मधला भाग गप्प का?"

मला राग यायला हवा होता, पण प्रश्न बिनतोड होता. एवढी धडक झाली तर मध्येही घुसळण झालीच असणार; मग तिथे तेज का नाही? धडक अगदी नवी म्हणून? समूह वजनाने हलके म्हणून? की आम्ही चुकीच्या लहरींवर शोधत होतो? बोलता बोलता भाजी करपली. तेव्हापासून तो रोज येतो. आम्ही दोघांनी मिळून अधिक लांबीच्या लहरींवर पाहण्यासाठी अर्ज केला आणि तो मंजूर झाला. आमची पाळी पुढच्या हिवाळ्यात आहे. त्या हिवाळ्याचा विषय डॉक्टर टाळतात.

४. सबब, सदर प्रश्न, माझा संगणक आणि निरीक्षणातला माझा वाटा खोडरबरला द्यावा. अटी अशा: पहिले चित्र काहीही न पुसता जपावे. जे काय दिसेल ते त्याने याच टेबलाशी बसून भाचीला, तिला समजेपर्यंत, सांगावे. नावे कोणत्या क्रमाने छापायची यावर भांडू नये, माझे आधी.

त्याला साक्षीदार व्हायचे होते. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाईंनी सांगितले. "मला काय मिळतंय? एक अडचण," तो म्हणाला. त्यांनी तरीही पेन दिले नाही.

५. मध्ये काहीच दिसले नाही, तर तसेच छापावे, आणि किती मंद तेजापर्यंत शोधले तेही लिहावे. न दिसणे हाही निकाल आहे.

आत्ताच हे सगळे भाचीला वाचून दाखवले. घराबद्दल तिने काही विचारले नाही. "मावशी, दिसेल का गं मध्ये काही?" म्हणाली. मी म्हटले, "मला माहीत नाही." हे सांगताना मला इतका आनंद झाला, की साक्षीला आलेल्या डॉक्टरांनी माझी नाडी दोनदा पाहिली.

सही: लिहून ठेवणार

साक्षीदार: १. घरचे डॉक्टर (सही)
२. शेजारच्या शिंपीणबाई (सही)

स्थळ: माझे राहते घर, स्वयंपाकघर
दिनांक: १४ मार्च