इंजिनासोबत आलेले बिऱ्हाड

मी, खाली सही करणारा, पेशाने मोटार मेकॅनिक, अंगाने थकलेला पण डोक्याने शाबूत, कोणाच्याही दबावाखाली नसताना हे मृत्युपत्र लिहीत आहे. पत्नी आतून "अक्षर नीट काढा" असे ओरडते आहे, तो दबाव धरू नये.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक पत्नीची. त्यात दुसऱ्या कोणाचा हक्क नाही.

२. निळी मोटार सुनेला. मुलगा "मला का नाही?" म्हणेल, म्हणून सविस्तर लिहितो.

गाडीचे इंजिन जाम झाले तेव्हा पत्नीचे पायही साथ सोडत होते. टॅक्सीत बसले की तिला पाहुणीसारखे वाटे. धाकट्या भावाने भंगारातून एक जुने, दणकट इंजिन आणले. "टाक रे दादा, बॉनेट उघडून कोण बघतंय?" मी टाकले. तपासणी केंद्रावर बॉनेट उघडूनच बघितले. इंजिन गाडीच्याच सालाचे किंवा नंतरचे हवे आणि त्याची धूर साफ करणारी सगळी साधने सोबत हवीत, असा नियम निघाला. गाडी नापास. मुलगा म्हणाला, "बाबा, मोडीत काढू." पत्नीने गाडीतली आपली उशी आणून कपाटात ठेवली.

सुनेने तोवर कधी पाना धरला नव्हता. ती सरळ तपासणी केंद्रावरच्या अधिकाऱ्यांकडे गेली. "साहेब, कोणतं इंजिन चालेल ते आधी सांगा, मग शोधते." असे आधी विचारणारे त्यांना कोणी भेटत नसावे, त्यांनी बसायला खुर्ची दिली. मग तिने मागून चेपलेली, याच बनावटीची पण नंतरच्या सालाची गाडी हुडकली. मी इंजिन सोडवू लागलो तर म्हणाली, "बाबा, नुसतं इंजिन नको. त्याचं सगळं बिऱ्हाड उचलायचं." धूर साफ करणारा डबा, सेन्सर, वायरिंग, कॉम्प्युटर, सगळे. मी कुरकुरलो, पण ऐकले.

गाडी पास झाली. सुनेने तिथूनच घरी फोन लावला. "आई, उशी काढून ठेवा."

३. पान्यांची पेटी मुलाला. त्याच्यावर राग नाही. दवाखान्याच्या पायऱ्या आईला उचलून चढवणारा तोच.

४. भावाचे ते जुने इंजिन अंगणात ताडपत्रीखाली आहे. ते त्याला परत. क्रेन त्याने आणावी. त्याच्यावरची माया पूर्वीइतकीच आहे, ती न्यायला क्रेन लागत नाही.

५. माझ्या पश्चात पत्नी चप्पल घालून दारात उभी राहिली की सुनेने गाडी काढावी. कुठे जायचे, ते निघाल्यावर विचारावे.

वरील मजकूर वाचून, समजून घेऊन, दोघांच्या देखत सही केली आहे.

(सही) मेकॅनिक

साक्षीदार: शेजारच्या डॉक्टरीणबाई (सही), समोरचे घड्याळजी (सही)

ठिकाण: गॅरेजमागची खोली
तारीख: २ मार्च, सोमवार